आईच्या भांड्याचं झाकण

पेलिओनच्या डोंगरातून
१२ सप्टेंबर १९८७

स्टेर्गिओस,

तू बरा असशील, लुकिया आणि मुली मजेत असतील. आम्हीही बऱ्या आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. अक्रोड यंदा भरपूर धरलेत. मांडवावरच्या वेलीला द्राक्षं आली, पण गांधीलमाश्यांनी निम्मी खाल्ली. कुत्री व्याली, चार पिल्लं आहेत. झालं, खुशाली संपली.

फोन करत नाही, कारण तो लुकिया उचलते आणि तू अंघोळ करतोयस म्हणते. महिनाभर माणूस अंघोळ करत असेल तर अथेन्समध्ये पाण्याची फारच चंगळ दिसते. म्हणून कागद घेतला. कागद तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावा लागेल.

पानायिया मातेच्या सणाला तू जे केलंस त्याबद्दल मी महिनाभर तोंड शिवून बसले होते. आता बोलते. त्या दिवशी नुसता सण नव्हता, देस्पिना नावाच्या प्रत्येक बाईचा नामदिन होता, म्हणजे तुझ्या आईचा. चर्चमधून निघालेलं अख्खं गाव तिला शुभेच्छा द्यायला आपल्या खानावळीत येतं. सकाळी सहापासून मी मांडवाखाली पाच टेबलं जोडून ठेवली होती, वर कागद अंथरून, वाऱ्याने उडू नये म्हणून चिमटे लावून. तुझ्या साहेबांसाठी. 'ताई, बँकेचे साहेब सहकुटुंब येताहेत, आईच्या हातचं बोकडाचं मटण खायचं म्हणताहेत,' हे तूच कळवलं होतंस.

आपल्याकडे छापील यादी कधी नव्हती. आलेला माणूस सरळ स्वयंपाकघरात येतो, भांड्यांची झाकणं उचलून बघतो, काय हवं ते दाखवतो आणि बाहेर जाऊन बसतो. झाकण उचलायचा हक्क सगळ्यांना आहे. पण नको असेल तर माणूस म्हणतो, 'देस्पिनाबाई, आज पोट जरा जड आहे, घेवडा द्या.' भांड्याला नाव ठेवत नाही. हे तुला मी शिकवायला नको, तू त्या चुलीपुढे रांगलास.

आणि तू काय केलंस? साहेबांना, त्यांच्या बायकोला घेऊन आत आलास. आई नवा एप्रन बांधून उभी होती. तू झाकण उचललंस, चमचा बुडवलास, तोंडात घातलास आणि तिथेच नळाखाली थुंकलास.

"आई, हे काय आहे? मीठ घातलंय की समुद्र ओतलाय?"

आईने स्वतःचा चमचा घेतला, चाखलं आणि म्हणाली, "ठीक आहे की रे."

"ठीक? हे मी यांना वाढू? तुला आता जमत नाही आई, ताईला करू दे. तू बाहेर बसून राहत जा."

साहेब बिचारे म्हणत होते, राहू दे, आम्ही चीज आणि पाव खाऊ. त्या परक्या माणसाला लाज वाटली, तुला नाही वाटली. तू त्यांना घेऊन चौकापलीकडे फोतिसच्या खानावळीत गेलास. बसायचं होतं तर निदान चौकातल्या चिनाराच्या मागे बसायचंस. तू बसलास ते आपल्या दाराकडे तोंड करून. दोन तास तिथे बसून तळलेले मासे खाल्लेस, आणि गावातली माणसं आमच्या मांडवात येताना तुझ्याकडे बघत येत होती.

संध्याकाळी फोतिस स्वतः आला, ताटलीभर मासे घेऊन. दारातच उभा राहिला. "गारुफालिया, गिऱ्हाईक आलं, मी बसवलं. पण माझ्या घशाखाली घास उतरला नाही गं." चाळीस वर्षं बाबांशी उभा दावा मांडलेला माणूस, त्याला कळलं.

मी तुला गेल्या हिवाळ्यात दोन पत्रं लिहिली होती, की आई विसरते. तू काय उत्तर दिलंस ते तुला आठवतं का? मला पाठ आहे. 'वयोमानाप्रमाणे होतं ताई, तू उगाच बाऊ करतेस. तुला चुलीचा ताबा हवा असेल तर सरळ सांग.' पंचवीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरात भांडी घासली, लग्न केलं नाही, बाबांचे पाय धुतले, आणि मला ताबा हवा होता म्हणे.

आता जे तिसऱ्या पत्रात लिहायचं राहिलं ते वाच.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच ती मीठ घातलेलं विसरायला लागली. घालायची, मागे वळायची, पुन्हा घालायची. कधी तीनदा. मला पत्ता नव्हता, कारण आम्ही दोघी उभ्या-उभ्या पाव आणि ऑलिव्ह खाऊन दिवस काढतो. गिऱ्हाइकांना पत्ता होता. एकही माणूस बोलला नाही. सुतार, टपालवाला, पाद्री पापा-लेफ्तेरिससुद्धा, सगळे ताटं पुसून खात होते आणि निघताना रिवाजाप्रमाणे तिला म्हणत होते, "देस्पिनाबाई, हातांना आयुष्य लाभो." मी खुळी विचार करत होते की यंदा पाण्याचे जग इतके का रिकामे होतात.

शेवटी अनेस्तिस मास्तरांनी मला चर्चच्या भिंतीमागे बोलावलं. तुला ज्यांनी पाढे शिकवले तेच मास्तर. म्हणाले, "पोरी, मी कुणाकडे बोलणार नाही. पण डॉक्टरने मला मिठाची बंदी केलीय, आणि तुझ्या आईला नाही म्हणायची माझी छाती होत नाही. तूच काहीतरी कर."

मग मी केलं. रोज पहाटे वरच्या घरी तेच पदार्थ तसल्याच तांब्याच्या भांड्यांत शिजवायला लागले. आई अकराला बाबांच्या थडग्यावर दिवा लावायला जाते. ती वळण ओलांडून गेली की मी माझी भांडी खाली आणायची, तिची उचलायची आणि मागच्या ओढ्यात ओतायची. ती परत येऊन माझ्या भांड्यातून स्वतःच्या हाताने वाढायची. लोक खायचे, तिच्या हातांना आयुष्य मागायचे, आणि ती मला ऐकू जाईल असं म्हणायची, "बघ, अजून माझ्याच हातची चव लागते त्यांना." पंधरा महिने हे चाललं. मास्तरांचा रक्तदाब उतरला.

तू आता विचारशील, मग त्या दिवशी काय झालं.

हेच लिहायचं नव्हतं. म्हणूनच आधी अक्रोड आणि कुत्रीची पिल्लं लिहिली.

त्या दिवशीही माझं मटण तयार होतं. चांगलं झालं होतं. आई दिवा लावायला गेलेली, परतायच्या बेतात होती. मी भांडं दोन्ही हातांत धरून मागच्या दाराशी आले आणि चौकात तुझी गाडी थांबताना दिसली. नवी गाडी. तू उतरून साहेबांसाठी दार उघडलंस. मला तुझं ते 'बाऊ करतेस' आठवलं, आणि मी भांडं तिथेच पायरीवर खाली ठेवलं. म्हटलं, पत्रावर विश्वास नाही ना, मग जिभेला कळू दे. तू चाखशील, माझ्याकडे बघशील, तुला कळेल, तू गप्प राहशील. गावातल्या सुताराला जे जमलं ते तिच्या पोटच्या पोराला जमेल असं मी धरून चालले.

तू माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस.

म्हणजे तुझी परीक्षा मी घेतली आणि नापास आईला केलं. तुझ्यावरचा माझा राग खरा आहे, तो या पत्राने कमी झालेला नाही. पण रात्री कूस बदलते तेव्हा मला तुझं थुंकणं दिसत नाही. पायरीवरचं माझं भांडं दिसतं. त्यातलं मटण मी त्या दिवशी कुत्रीला घातलं.

आता आईचं ऐक. तू आला होतास हे ती दोन दिवसांत विसरली. परवा विचारत होती, "यंदा स्टेर्गिओस सणाला का नाही आला?" मासे कुणी पाठवले, साहेब कोण होते, काही आठवत नाही. पण त्या दुपारी एप्रन काढून घडी घालून ठेवला तो तिने पुन्हा बांधलेला नाही. सकाळी मी म्हणते, आई, चल, कांदा चिर. ती बाहेरच्या खुर्चीवर बसते आणि म्हणते, "नको गं. माझ्या हाताला आता चव नाही, कुणीतरी सांगितलं मला." कुणी सांगितलं ते विसरली, काय सांगितलं ते नाही.

लोक येतात, झाकणं उचलतात, माझ्या हातचं खातात, आणि जाताना बाहेरच्या खुर्चीजवळ थांबून तिलाच म्हणतात, हातांना आयुष्य लाभो. ती त्यांना म्हणते, "मला नका सांगू, आत मुलगी आहे." पूर्वी पंधरा महिने जे खोटं होतं ते तिला खरं वाटायचं. आता तिला खरं कळलं, आणि ती दिवसेंदिवस कमी बोलते. डॉक्टर म्हणतात, हळूहळू माणसंही विसरेल. तुझं नाव अजून आहे. किती दिवस राहील ते सांगता येत नाही.

सव्वीस ऑक्टोबरला संत दिमित्रिओसचा सण. नव्या वाइनचं पिंप उघडायचं, बाबा गेल्यावर ते काम तुझं आहे. ये. साहेबांना आणू नकोस, गाडी चौकात लावू नकोस. आदल्या दिवशी पोच, तिच्या खुर्चीशी बस आणि म्हण, आई, उद्या मला तुझ्या हातचं बोकडाचं मटण हवं. मी म्हटलं तर ती उठत नाही. तू म्हटलंस तर उठेल. मला याचाही राग येतो, पण ते खरं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात ये. झाकण उचल. ताट भरून घे, तिच्यासमोर बस आणि शेवटच्या थेंबापर्यंत पावाने पुसून खा. मग तिचे हात धरून जे सगळं गाव म्हणतं ते म्हण. पाणी प्यायचं असेल तर तिची पाठ वळली की पी.

त्या दिवशीही मी भांडं बदलणार नाही.

तुझी ताई,
गारुफालिया