रोपांशी बोलत जा

७ मार्च १९९६
करंजाड्यात शिमगा उरकून आज दिवाळे गावात आले, बॅगेत आईनं कोंबलेल्या पुरणपोळ्या. खाडीतल्या बांधावर जुन्या मिठागराची चौकी आहे. एक खोली, एक खिडकी, आणि ती माझी एकटीची! आमच्या घरात कपाटाचा कप्पासुद्धा माझा नव्हता. संस्थेचे सयाजी सर नव्या संशोधकांवर जीव टाकतात. जागा, जेवण, पगार, सगळं तेच बघतात. काम काय, तर बांधालगत तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं जगवायची. आधीच्यांची जगली नाहीत म्हणे. सर म्हणाले, रोपांशी बोलत जा, त्यांना माणसाची सवय लागते. बोलायला सांगताय, आणि कुणाला! मला हसूच आलं.

१० मार्च
रोपं धरली! एकूण एक! दिवसभर त्यांना गाणी ऐकवते, नकला करून दाखवते, एखादं रुसलं तर शिव्याही देते. गावातून डबा आणणाऱ्या चांगुणाबाईंचं डोकं उठलंय माझ्या बडबडीनं. पण कालवण काय करतात! आईला सांगायचं नाही.

गावातल्या फोनवरून सरांना कळवलं. इतके खूश झाले की आणखी एका मुलीची सोय करतो म्हणाले. मी तिथूनच हादियाला फोन लावला. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, आणि आता बिचारी नेरूळला घरी बसून अर्ज खरडतेय. चोवीसला, रविवारी येते म्हणाली. मज्जा आहे!

१५ मार्च
रोपं कमरेला लागली. इतक्यात तिवर एवढं वाढत नाही, हे मलाही कळतं. चिखलातून बोटांसारखी मुळं वर आलीत. तिवर त्यांतूनच श्वास घेतं, पण तो ऐकू येतो असं कुठे वाचलं नव्हतं. मला ऐकू येतो. सर्दी झालीय, तर मी खोकले की बाहेरही कुणीतरी खोकतं. सरांना सांगायला हवं.

१८ मार्च
चांगुणाबाईंनी आल्या आल्या डबा आपटला. तिवरात उभी राहून हाका मारत होतीस म्हणून मी चिखलात शिरले, आनि तू तर घरात हाय, म्हणून खेकसल्या. मी तर भांडी घासत होते. तेवढ्यात बाहेरून परत हाक आली. माझ्याच आवाजात.

बाई पळाल्या. मीही बॅग भरायला घेतली. भरेपर्यंत त्या गेल्या ती वाट बुजली होती. इकडून तिकडे नुसती तिवरं.

२० मार्च
आज पाडवा. घरी सगळे माझी वाट बघत असतील.
कोयत्यानं वाटेवरचं एक झाड तोडायला घेतलं. पहिल्याच घावाला माझाच श्वास अडकला. कोयता टाकला तेव्हा कुठे सुटला. परत मारून बघितला. परत तेच. अगं आई गं, कुठे येऊन पडले मी!

२२ मार्च
मुळं उंबऱ्याच्या आत आली. चांगुणाबाई नाहीत, कुणीच नाही. हाक मारायला गेले तर तोंडातून नुसती हवा — आवाज गेला. माझा आवाज आता बाहेर गातोय, सगळीकडून —
हादियाला कसं कळवू? मीच बोलावलं तिला. मीच. देवा, तिची बस चुकू दे, तिला ताप येऊ दे, काहीही कर पण —

२४ मार्च
आली. खिडकीच्या फटीतून दिसतेय, बांधाच्या त्या टोकाला, निळी ओढणी. नमू, कुठे आहेस गं, म्हणतेय.
ताट बडवतेय मी. तिला ऐकू जात नाही. ओरडता येत —
थांबली. माघारी वळतेय. जा, हादिया, जा —
बाहेर मी हसले. मी नाही. ते. ये गं, म्हणाले, सरळ ये, घाबरू नको —
तिच्या बाजूनं वाट उघडली. माझ्या दारापुढे नाही, तिच्याच बाजूनं —
चप्पल काढून हातात घेतली तिनं. हसतेय. हादिया, ती मी ना