सतरा माणसं वर आली

बाबा, तुमच्या गोदीतली शेड आता नागपुरात आहे. बेसा भागात तिचा लग्नाचा हॉल झालाय. आपल्या धाकट्याच्या, माझ्या भावाच्या, मुलीचं लग्न तिथेच होतं. आत शिरले आणि खांबांकडे बघून जागीच थांबले. सोनेरी रंग दिलाय, झालरी लावल्यात, पण रंगाखाली लोखंडात कोरलेला जहाजाचा नांगर बोटांना लागतो. चौकशी केली. नौदलाची मोठी जहाजं तिथे मावेनात म्हणून गोदी बंद पडली. ज्या सुक्या गोदीतलं पाणी उपसून तुम्ही जहाजं दुरुस्तीला उभी करायचात, ती भरून टाकून वर बगिचा केलाय. शेड लिलावात निघाली आणि इथल्या एका कंत्राटदाराने ती सुटी करून ट्रकांवर घालून आणली. जिथे समुद्राचं नावही निघणार नाही असं गाव म्हणून तुम्ही नोकरी सोडून इथे परत आलात, आणि ती तुमच्या मागोमाग आली.

मंगलाष्टकं चालू असताना माझी चप्पल ओली झाली. खांबाच्या बुडाशी पाणी साचलं होतं. पोछा घेऊन आलेली बाई वैतागली होती. "रोज दोनदा होते, बाई. काल अकराले झालं, आज पावणेबाराले. टाईम पुढं पुढं सरकून राहिला. मालकानं फरशी खोदून पाह्यली, तं खाली कोरडी माती." मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. भरती रोज पाऊण तासाने पुढे जाते, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. बाईने फरशीकडे बोट दाखवलं. "अन् हे पाय पाहा. एकाच माणसाचे. खांबाकडं जाते, परत येतच नाही. काहून, सांगा बरं?" ओल्या, अनवाणी पावलांचे ठसे होते. वऱ्हाडी त्यांच्यावरून ये-जा करत होते, तरी ते पुसले जात नव्हते. बाईने पोछा फिरवला. मी तिथून निघून जेवणाच्या पंगतीत जाऊन बसले.

मी अकरा वर्षांची आहे. तुमचा डबा घेऊन गोदीच्या काठावरच्या शेडमध्ये आलेय. जहाजाचं काम संपलंय आणि गोदीत पाणी सोडायचंय. तुमची शिट्टी झाली आहे, खालची माणसं एकामागून एक पायऱ्या चढून वर येतायत आणि तुम्ही बोटांवर मोजताय. मी शाळेतलं काहीतरी सांगायला लागते. तुम्ही वळून ओरडता, "गप बस वं! मोजून राहिलो ना मी!" सतरा गेले होते, सतरा वर आले. तुम्ही पाण्याचं दार उघडायला चाक फिरवलंत. पाणी आत धावलं, आणि थोड्या वेळाने खालून कोणीतरी लोखंडावर ठोकल्याचा आवाज आला. तुम्ही चाक उलटं फिरवायला धावलात, दोघे जण तुमच्या मदतीला आले, पण दार बंद व्हायला वेळ लागतोच.

चौकशीत तुमची मोजणी चुकली असं ठरलं. तुम्हीही ते मान्य केलंत. त्यानंतर तुम्ही कधी काही मोजलं नाही. आई विचारायची, "किती पोळ्या वाढू?" तुम्ही म्हणायचात, "दे किती बी." रामदासपेठेतल्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही माझं मनगट धरलंत. "सगळे वर आले का वं?" मी म्हणाले, "आले बाबा, सगळे आले." तुम्ही डोळे मिटलेत. तुम्हाला ते पटलं की नाही, मला कळलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहू शकतेय. तुमची मोजणी बरोबर होती. सतराच्या सतरा जण वर आले होते. त्यातला एक रंगारी तंबाखूची डबी विसरला म्हणून पुन्हा खाली उतरला, तुमची पाठ त्याच्याकडे असताना. मी त्याला बघत होते. तुम्ही रागावलात म्हणून मी बोलले नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं, बाबा. जाताना त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसला. एका मोठ्या माणसाचं गुपित आपल्याकडे आहे, याचा मला आनंद झाला होता.