हिचा खांदा आणि माझं नियोजन

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून हिचा पगार अर्धा. कारखान्याचा नियमच आहे. आजारी रजेचा पहिला महिना पूर्ण पगार, मग अर्धा, आणि मार्च संपला की काही नाही. मार्चअखेरपर्यंत हिचं टेबल राखून ठेवतो असं सुपरवायझरने सांगितलंय. म्हणजे तोवर खांदा बरा व्हायलाच हवा. होईल. न व्हायला काय झालं?

ही युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटर आहे. कापडाचे साठ-साठ थर एकावर एक रचायचे आणि पात्याचं उभं मशीन त्यातून ढकलत न्यायचं. ढकलून ढकलून उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. ऑपरेशन झालं, टाके निघाले, गळ्यातली झोळीही परवा सुटली. आता फक्त व्यायाम राहिलाय.

हिला सांगितलं, यापुढे घरखर्च मी बघणार, तू नुसती विश्रांती घे. चष्म्याच्या दुकानात मी इतकी वर्षं सेल्समन आहे. जो माणूस कुठल्याही नाकावर कुठलीही फ्रेम खपवतो त्याला एक घर चालवता येऊ नये? ऐकून ही बराच वेळ छताकडे बघत होती. भारावली असावी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काटकसरीचा शुभारंभ. घाऊक बाजारातून कपडे धुण्याच्या पावडरचं अख्खं पोतं आणलं. दर निम्मा. पोतं एकट्याला उचलेना म्हणून टेम्पो करावा लागला, तो खर्च मी यात धरत नाही. वाहतूक वेगळी, खरेदी वेगळी.

पावडरला फेस येत नाही. कन्येचं म्हणणं, मळही जात नाही. कन्या नववीत आहे, त्या वयात सगळ्यालाच नावं ठेवतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज फिजिओबाई हिचा व्यायाम घ्यायला आल्या तेव्हा मुद्दाम समोर बसलो. बाईंचं मनगट माझ्या पोटरीएवढं. मनातल्या मनात मी त्यांना पहिलवानबाई म्हणतो. त्या हिचा हात धरून वर नेतात, ही ओरडते, त्या आणखी वर नेतात आणि जाताना फी घेतात. रोज. घरातला सगळ्यात मोठा खर्च हाच.

नीट निरीक्षण केलं. हात वर, हात बाजूला, हात पाठीमागे. शाळेत पी.टी.च्या तासाला आम्ही हेच करत होतो, आणि त्याची कोणी वेगळी फी घेत नव्हतं.

शेवटी हिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो. उकडत होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिलवानबाईंना नमस्कार केला. उद्यापासून हिचा व्यायाम मी घेणार.

बाई म्हणाल्या, पुढचे काही आठवडेच महत्त्वाचे आहेत. ऑपरेशन झालेला खांदा ओल्या सिमेंटसारखा असतो, हलवत राहिलं नाही तर तसाच धरतो. दुखलं तरी थांबू नका, म्हणाल्या. मी मान डोलावली. धंदा म्हटला की असं बोलावंच लागतं. आम्हीही गिऱ्हाइकाला सांगतो की या जुन्या फ्रेमने तुमचं डोकं उठत असणार.

हिने विचारलं, जमेल ना? म्हटलं, मी आहे ना. मग तिने विचारलं, महिन्याचे किती वाचतील. सांगितलं. बरं म्हणाली.

१० फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ७

पहिला दिवस. यशस्वी. हात छातीपर्यंत नेला तेव्हा ही आई गं म्हणाली. मी लगेच थांबलो. माझं तत्त्व ठरलंय: दुखलं की थांबायचं. माणसाचा खांदा आहे, गंजलेला नळ नव्हे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काय हा फरक! बाईंच्या वेळी शेजारी दार उघडून बघायचे. माझ्या हाताखाली ही हूं की चूं करत नाही. काल तर मध्येच जांभई दिली. शेवटी हातगुण म्हणून काही असतंच.

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. फरशांचं गोदाम आहे त्याचं, आणि बोलतोही फरशी आपटल्यासारखं. भावोजी, फिजिओ का बंद केली म्हणे. फी मी देतो, पण बंद करू नका. वर आणखी म्हणतो, रविवारी गोदामात काउंटरला माणूस लागतोय, तुम्ही आलात तर बरं होईल, तुम्हालाही चार पैसे मिळतील.

दोन्ही गोष्टींना नम्रपणे नकार दिला. बहिणीच्या घरात पैसे देऊन मोठेपणा मिरवायची काही लोकांना हौस असते. आणि मी, जो लोकांना दृष्टी देतो, त्याने रविवारी संडासाच्या फरशा विकायच्या? तो गेल्यावर ही म्हणाली, त्याचं मन मोडायला नको होतं. म्हटलं, अजून आपण इतके खाली आलेलो नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रगती मोजायला हवी. हिला भिंतीला तोंड करून उभं केलं, बोटं सरकवत वर न्यायला सांगितली, आणि जिथे पोचली तिथे पेन्सिलची खूण केली. रोज एक खूण. दुकानात आता गिऱ्हाइकांनाही हे सांगतो. मालक म्हणाले, खांद्याचं कमी आणि काचेचं जास्त बोला. या महिन्यात माझं कमिशन जरा बसलंय. लोकांची खरेदीची इच्छाच मेलीय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पार्लरचा खर्च बंद. कन्येचे केस मी कापले. उजवी बाजू जरा वर गेली म्हणून डावी घेतली, मग डावी वर गेली. ही खुर्चीत बसून बघत होती. जिने आयुष्यभर सुतासारखं सरळ कापड कापलं तिच्यासमोर कात्री धरायची म्हणजे दडपण येतंच. एकदोनदा तिने नुसताच डावा हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी इतकंच म्हणाली की आता थांब, कापड संपलं.

कन्या माझ्याशी बोलत नाही. टोपी घालून जेवायला बसते. तिला म्हटलं, तुला शोभतंय. हे वाक्य मी दिवसातून पन्नासदा म्हणतो, पण आज कोणी आरशात बघून हसलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

खुणा वर चालल्या आहेत! आजची तर माझ्या नाकाच्या रेषेत आली. मी इतका खूश झालो की दुकानात जाताना शीळ घालत गेलो.

रात्री कन्येने अबोला सोडला, तोही चहाडीसाठी. म्हणाली, आई टाचा उचलते. आणि कमरेतून वाकडी होते. हात जिथल्या तिथेच आहे, आईच वर जाते. मी म्हटलं, संपूर्ण शरीराने साथ देणं यालाच व्यायाम म्हणतात. हिच्याकडे बघितलं तर ही कपाटातलं काहीतरी डाव्या हाताने नीट लावत होती.

१ मार्च, शनिवार

हार्डवेअरच्या दुकानातून दोरी आणि कप्पी आणली. दाराच्या चौकटीवर लावायची, एक टोक चांगल्या हातात, दुसरं दुखऱ्या हातात. डाव्याने ओढलं की उजवा आपोआप वर. कप्पीची किंमत बाईंच्या चार दिवसांच्या फीएवढी, पण बाईंना चौकटीला टांगून ठेवता येत नाही.

संध्याकाळ. आधी मी स्वतः ओढून बघितली. हूक निघाला, त्याच्याबरोबर हातभर गिलावा निघाला. हिला काही लागलं नाही. माझ्या कपाळाला टेंगूळ आहे. गवंडी सोमवारी येतो म्हणाला. हाही खर्च मी यात धरत नाही.

६ मार्च, गुरुवार

रात्री जाग आली तर ही बसलेली. म्हणाली, त्या कुशीवर झोपता येत नाही. म्हटलं, डॉक्टरांकडे बुधवारी जायचंच आहे, बघच ते काय म्हणतात. ही म्हणाली, हो, बघू.

साधं झोपेचं आहे. गादी जुनी झाली. गादीचं पुढच्या आर्थिक वर्षात.

१२ मार्च, बुधवार

डॉक्टरांना आधी मीच सगळी माहिती दिली. पद्धत, तत्त्व, खुणा. ते ऐकत होते. मग हिला म्हटलं, दाखव. हिने हात वर केला. डॉक्टर उठले, एक तळवा तिच्या खांद्यावर दाबून धरला आणि म्हणाले, आता करा.

हात छातीच्या वर गेला नाही. जराही नाही. हिने दात आवळले, मान लाल झाली, हात तिथेच राहिला. मला वाटलं डॉक्टर उगाच दाबतायत. म्हटलंही तसं. ते म्हणाले, मी दाबत नाहीये, मी फक्त यांना वाकू देत नाहीये.

खांदा धरलाय. आता महिनोन्‌महिने रोज फिजिओ, तीही माहितगार माणसाकडून, आणि तरी सुटला नाही तर भूल देऊन सोडवावा लागेल. त्यांनी विचारलं, व्यायाम कोण घेत होतं? मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पुन्हा सांगायला जड गेलं. हीच म्हणाली, घरीच करत होतो.

एप्रिलमध्ये मशीन चालवता येईल का? विचारलं नाही. केसपेपरवर हिचं काम वाचून त्यांनीच नाही म्हणून मान हलवली.

१३ मार्च, गुरुवार

कामावर गेलो नाही. 

दुपारी हिला विचारलं, तुला कळत नव्हतं का? म्हणाली, पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दुखत नव्हतं त्यावरून. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, फी वाचत होती. आणि तू इतका खुशीत होतास. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच शीळ घालत गेलास.

मी चिडलो. म्हटलं, म्हणजे आता माझी शीळ नडली का? जरा वेळाने हिने सांगितलं की चूक दोघांची आहे. माझी जास्त आहे. हे तिने म्हटलेलं नाही, मी लिहितोय. बाई तिचा हात वर न्यायच्या तेव्हा मला बघवत नव्हतं. ती फी मला जास्त वाटत होती, पण ते ओरडणं त्याहून जास्त वाटत होतं. बाकीचं सगळं नियोजन.

१५ मार्च, शनिवार

पहिलवानबाईंना फोन केला. घरी यायला आता वेळ नाही, दवाखान्यात या म्हणाल्या. मी बरीच प्रस्तावना केली होती. त्यांनी ती मध्येच तोडून विचारलं, किती वर जातोय? सांगितलं. त्यांनी नुसती वेळ सांगितली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मेहुण्याला फोन. म्हटलं, त्या रविवारच्या कामाचं काय झालं? म्हणाला, भावोजी, उद्या नऊला या, आणि जुने कपडे घालून या, काउंटरला माणूस मिळाला, आता माल उतरवायला हवाय. फीचंही मीच विचारलं. म्हणाला, ताईकडे दिलीय कालच, तिचाच फोन आला होता.

२३ मार्च, रविवार

गोदामातून परस्पर दवाखान्यात गेलो. केसांत पांढरी धूळ तशीच. ही आधीच आली होती.

डॉक्टरांचं म्हणणं हिने कळवलं होतं, त्यावर कारखान्यातून शुक्रवारी निरोप आला. हिच्या टेबलावर नवीन माणूस घेतलाय. एप्रिलपासून यायचं असेल तर शिवलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायचं काम आहे, बसून, डाव्या हाताने जमेल तेवढं. पगार त्या कामाचा. ही म्हणाली येते. सुपरवायझरने म्हणे दोनदा विचारलं, नक्की ना. तेवीस वर्षं ती मशीनवर होती.

दवाखान्यात मी बाहेर बाकावर बसणार होतो. बाईंनी आत बोलावलं. म्हणाल्या, ही अंगाने वाकून चुकवते, तुम्ही पलीकडचा खांदा धरा आणि हलू देऊ नका. नर्सला सांगा म्हटलं. म्हणाल्या, नर्स दुसऱ्या पेशंटकडे आहे, आणि घरी तुम्हालाच करायचंय.

धरला. बाईंनी हात वर न्यायला सुरुवात केली. छातीपाशी ही आई गं म्हणाली. माझी बोटं आपोआप सैल झाली. बाई म्हणाल्या, साहेब, धरा. पुन्हा धरला. मग ही ओरडली, अशी की बाहेर बोलणारी माणसं गप्प झाली. ती माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिलो, पण सोडलं नाही.

हात दोन बोटं वर गेला. बाई म्हणाल्या, आज एवढंच, पण हे खरं आहे.

स्टॉपवर बसची वाट बघताना मला रडू आलं. लोक बघत होते. ही म्हणाली, दुखतंय मला, आणि रडतोयस तू. मग डाव्या हाताने माझ्या केसांतली धूळ झटकत म्हणाली, मध्ये एकदा सैल सोडलंस, उद्या तसं करू नकोस.

उद्या परत धरायचं आहे.