मी घासून घालवलेलं साल

सौभाग्यवती धाकटीस थोरलीचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे माझ्यावर रुसलेत (घराण्याचं वळण, दुसरं काय). अक्षर लागलं नाही तर नातीकडून वाचून घे. शिव्या आल्या की गाळ म्हणावं.

लिहायचं असं की, मी जिथे तीस वर्षं झाडू मारला ती नगरपालिकेची जुनी इमारत पाडायला निघालेत. शंभर वर्षांचा पुरावा मिळाला तर सोडतील, नाहीतर तिथे दुकानं. (माणसाची शंभरी भरली की त्याला उचलतात, इमारतीला म्हणे ठेवतात.) चौकशीला एक चष्मेवाला साहेब आला, जुनी माणसं म्हणून मलाही बोलावलं. दारावरची पितळी पाटी बघून म्हणाला, साल हिच्यावरच असणार, पण अक्षरं कुठे गेली? सगळे माझ्याकडे बघायला लागले. जाणार कुठे, माझ्या हाताखाली गेली. रोज सकाळी राख आणि लिंबू. मोठे साहेब तिच्यात बघून भांग पाडायचे, इतकी लख्ख. मला तेव्हा धड वाचता येत नव्हतं, त्यामुळे अक्षरांची माया नव्हती. चिवट मळ वाटायचा. आजी, काय लिहिलं होतं आठवतं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पगार घासायचा होता, वाचायचा नव्हता. सगळे हसले. मला मात्र घरी येऊन जेवण गेलं नाही.

कारण त्याच पाटीखाली तुझ्या लग्नाचा फोटो काढला होता. घरच्यांना न जुमानता त्या कंपाउंडरबरोबर वरच्या नोंदणीच्या खोलीत सह्या करून तू खाली आलीस. मी जिन्यात बादली घेऊन उभी. तू हाक मारलीस, "ताई, ये ना, एकच मिनिट."

मी म्हटलं, "फरशी ओली आहे."

आईबाबांच्या धाकाने म्हणावं, तर ते तिथे नव्हतेच. मीच होते. पुढे तू तीनदा फोटो दाखवायला आणलास, तिन्ही वेळा मला चष्मा सापडला नाही (तेव्हा मला चष्मा नव्हताच).

कंपाउंडरांना नमस्कार सांग.

तुझी ताई

ता. क. त्या फोटोत पाटीवरची अक्षरं शाबूत असतील. साहेबाला पुरावा होईल. लगेच पाठव. फ्रेम काढून पाठव, काच फुटते.

ता. क. आणखी एक. वर लिहिलं ते खोडत नाही, पण साहेबाला मंगळवारीच माळ्यावरच्या तुळईवर साल सापडलं. इमारत राहिली. (पाटीला हात लावू नये असा कागद डकवलाय, माझ्याकडे बघत बघत.) तू फोटो तरी पाठव. फोटोवाला तेव्हा म्हणाला होता, तू तुझ्या शेजारी एक जागा मोकळी ठेवायला लावलीस. केवढी होती ते बघायचंय.