कळपाचं बंधन

३ नोव्हेंबर
सुटले एकदाची! इंदापूर ते बारामती एमआयडीसी, रोजचा एसटीचा वैताग संपला. कन्हेरीत खोली मिळाली. डेअरीची लॅब स्कूटीवर जवळ, खिडकीबाहेर ऊस, आणि घरमालकीण बानूबाई अशी की सामान उतरायच्या आधी पिठलं-भाकरी पुढ्यात. घरात त्यांचा नवरा मानसिंगतात्या आणि नात स्वप्नाली. तात्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. हात मांडीवर नुसते पडलेले. शुगर आहे, असं स्वप्नाली म्हणाली. शुगर एवढी कामसू असते हे मला माहीत नव्हतं.

९ नोव्हेंबर
आज मला मान मिळाला! हे घर पूर्वी मेंढरं राखायचं. मेंढरं विकून ऊस लावला, तरी कळप बसवताना म्हणायचा बंधनाचा मंत्र वर्षातून एकदा म्हणतातच, आता घरातल्या माणसांसाठी. तात्या म्हणायचे, पण त्यांची जीभ गेली. मंत्राला स्पष्ट तोंड लागतं, असं बानूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. राजेश्वरीबाई, म्हणजे मीच, अभिमानाने फुगल्या.

मंत्र सोपा आहे. ज्याला राखायचं त्याचं नाव घ्यायचं, आणि डोळं राख, जीभ राख, कान राख, हात राख, काळीज राख. मग चारी दिशा, वर आणि खाली बांधायचं. म्हणणाऱ्याने स्वतःचं नाव घ्यायचं नाही, तसा रिवाज. अर्थ मला फार आवडला. आपण देवाकडे मोघम मागतो, सगळ्यांचं भलं कर म्हणून. इथे एकेक अवयव त्याच्या ओंजळीत ठेवून सांगायचं की हा सांभाळ. दिवेलागणीला तिघांचीही नावं घेऊन मी अगदी मनापासून म्हटलं. स्वप्नाली सारखी डोळे पुसत होती. धूर गेला म्हणाली. शेगडी तर गॅसची आहे.

१२ नोव्हेंबर
तात्यांना दिसायला लागलं! बानूबाईंनी पेढे आणले, पहिला मला. माझा आनंद पोटात मावेना. पण पेढा हातात दिला तोही मला नीट दिसला नाही. लॅबमधले आकडेही पुसट दिसत होते. उद्या डोळे दाखवून येते.

१५ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत काही दोष नाही. मला फक्त उजेड-अंधार कळतो. वहीवर बोट ठेवून, त्याच्या आधाराने लिहितेय. धाकट्या बहिणीला, उत्कर्षाला फोन केला. पेपर झाला की न्यायला येते म्हणाली. घाबरू नको म्हणाली, आणि स्वतःच रडली.

१८ नोव्हेंबर
सकाळी जीभ उचलेना. तात्या बोलले. माझ्या खाटेपाशी बसून, हळू.

कळप राखायचा तर एक मेंढरू जाळीबाहेर ठेवावं लागायचं. लांडगा तेवढ्यावर भागवायचा. मेंढरं गेली, लांडगा न्हाय गेला, म्हणाले. मंत्र म्हणेल तो बाहेर. इतकी वर्षं मी हुतो पोरी, आता तू हाईस. घरच्याला त्यो सावकाश खातो, परक्याला भराभर. दुसऱ्या कुणी माझं नाव घेऊन म्हटलं तरच मी आत येणार हुतो, आणि म्हणणारा बाहेर जाणार. बाहेरचं मेलं तर पुन्हा घरातलंच कुणीतरी द्यावं लागतं. माफी मागितली नाही त्यांनी. मला शिव्या द्यायच्या होत्या. तोंडातून नुसती लाळ आली.

२० नोव्हेंबर — बहुतेक
कानही. पुढे हात. मग काळीज. मीच म्हटलाय, क्रम पाठ आहे. पळायला दार सापडत नाही. सापडलं तेव्हा कुणीतरी हाताला धरून परत आणून बसवलं. मायेने. डोक्यावरून हात फिरवला —

तारीख माहीत नाही
मिठी. खोबरेल तेलाचा वास. उत्कर्षा! तिच्या तळहातावर बोटाने ‘चल’ एवढंच लिहिलं, बोटं जड झालीत. तिला कुणीतरी उठवून नेलं. नेणाऱ्या हातातल्या जाड पाटल्या माझ्या मनगटाला लागल्या — बानूबाई —

२३ नोव्हेंबर
दिसतंय! भिंत, खिडकी, माझं हे वाकडंतिकडं अक्षर. रडले.

मग उत्कर्षा दिसली. समोर बसून डोळे चोळत होती, आणि हसत होती, मी बरी होतेय म्हणून. तिला सांगितलं असणार, बहिणीचं नाव घेऊन म्हण, बरी होईल. खोटं नव्हतंच ते.

तिला आत घ्यायचं तर मंत्र मीच म्हणायला हवा. म्हणजे बाहेर पुन्हा मी. म्हणेन. जीभ आली की लगेच. लहानपणी माझं बोट धरून शाळेत जायची —

२६ नोव्हेंबर
जीभ आली. पहिला शब्द, पाणी. उत्कर्षाला ऐकू गेलं. भिंत चाचपत तीच घेऊन आली. तोंड उघडत नाहीये तिचं.

म्हणायचंय. आजच.

पण कान — कान तेवढे येऊ देत. आईचा आवाज ऐकायचाय, एकदा, एकदाच. उत्कर्षाचे हात चांगले आहेत अजून. वेळ आहे. कान आले की लगेच, आईशपथ, लगेच म्ह—