कुत्र्यासकट बदली

आये, आम्ही पोचलो. मोखाड्याहून निघालो ते थेट गडचिरोलीच्या दवाखान्याच्या क्वार्टरपर्यंत, दोन्ही पोरं, भांडीकुंडी आणि कुत्रा, सगळे धड. तू जास्तीत जास्त भिवंडीपर्यंत गेलीस, मी अख्खा महाराष्ट्र ओलांडला, हे आधी ऐकून घे. तू आम्हाला सोडून देवाघरी गेलीस तेव्हा मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. आता बढती मिळाली, आणि बढतीच्या शेपटीला बदली बांधलेलीच असते. तुझे जावई दाभोशाच्या शाळेत मास्तर आहेत. तू त्यांना पाहिलं नाहीस, माणूस चांगला आहे. त्यांची बदली व्हायला अजून अवकाश आहे, म्हणून पोरांना घेऊन मी एकटीच निघाले.

निघण्याआधी पोशेऱ्याला घरी जाऊन आले, तर शेजारची काकी ओट्यावरून विचारते, "जगाया चाललीस का ग?" मला जरा रागच आला. म्हटलं, "जगायला नाही काकी, बदली झाली. सरकारी." पण परत येताना आपलं जगायला जाणंच, पोटासाठी गाव सोडणं, आठवत राहिलं. दिवाळी झाली की वीटभट्टीचा ट्रक गावात यायचा. एका वर्षी मुकादम म्हणाला, तुमचा कुत्रा चालणार नाही. तू डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलंस आणि त्यावरच बसलीस. "कुत्रा नाय तं मी पण नाय. विटा तूच थाप." बाबा घाबरून तुझ्याकडे बघतायत, सगळा ट्रक खोळंबलाय, आणि तू पदरानं वारा घेतेस. शेवटी कुत्रा चढला. घाटात तो लटलटा कापायला लागला तेव्हा आम्ही भावंडं त्याला कवटाळायला धावलो, तर तू खेकसलीस, "त्याचे तोंडाकडं बघू नका! भेलेल्याला गोंजारलं का त्याला वाटतं, खरंच कायतरी आहे." मग त्याच्याकडे पाठ करून सुपात उडीद निवडत बसलीस, जशी काही घरच्या अंगणात. अर्धे उडीद घाटात सांडले, पण कुत्रा गप पडून राहिला.

माझा कुत्रा तर त्याच्याहून भित्रा. पिल्लू असताना जीपखाली येता येता वाचला, तेव्हापासून गाडीचा नुसता आवाज आला तरी पलंगाखाली घुसतो. सामानाचा टेम्पो आदल्या दिवशीच पुढे गेला होता. आमच्या गाडीचा ड्रायव्हर त्याला बघून म्हणाला, "मॅडम, कुत्ता नहीं चलेगा, सीट खराब करेगा." सगळ्यांनी मला समजावलं, राहू दे त्याला इथेच, कोणीतरी भाकरी घालेल. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी पिशव्या गाडीतून उतरवायला लागले. तिसरी पिशवी खाली ठेवली आणि ड्रायव्हरनं डिकीतून प्लास्टिक काढून सीटवर अंथरलं. आये, तू असायला हवी होतीस बघायला.

नाशिक मागे पडेपर्यंत कुत्रा दोनदा ओकला. धाकटा रडायला लागला, आणि सात वर्षांची तुझी नात कुत्र्याला छातीशी धरून "नाही हं बाळा, नाही हं" करत त्याच्याइतकीच कापत होती. तेव्हा मी तिला तुझं ते बोलणं सांगितलं. तिला पटलं नाही, पण तिनं हात काढून घेतला. दोघं खिडकीकडे तोंड करून भेंड्या खेळत बसली. दुपारपर्यंत कुत्रा घोरत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जंगलाचा रस्ता लागला. फोनला रेंज नाही, विचारायला माणूस नाही, आणि सगळीकडे सपाट. डोंगर नसला की माझ्यासारखीला आपण कुठे आहोत तेच कळत नाही. पोरांना मी कुठे घेऊन चालले आहे, हा विचार एकदम छातीवर येऊन बसला आणि डोळे भरले. पोरीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग तोंड फिरवलं, पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या, आणि एकेक फोडून दाणे न बघताच माझ्या मांडीवर ठेवू लागली. धाकटा विचारत होता, आई का रडते. ती त्याला हळूच म्हणाली, "तिच्या तोंडाकडे बघू नकोस. शेंगा फोड."

मी ते दाणे खाल्ले, आये. तुला तिनं पाहिलेलंही नाही. अशी पोर माझ्या पोटची आहे, याचा मला एवढा अभिमान वाटला की मोठ्यानं बोलले असते, पण तिनं तर पाठ फिरवलेली.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून लिहून टाकते. तुझ्या जावयांना फोनवर मी सांगितलं, मजेत पोचलो, जराही भीती वाटली नाही. खरं काय ते फक्त तुझ्या नातीला ठाऊक आहे, आणि ती कुणाला सांगायची नाही.