सात वाजताची खरखर

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.४०
लँडलाइनवरची खरखर कायम. थोरल्या बहिणीचा, अक्काचा, येवल्याहून फोन नेहमीप्रमाणे सातला. म्हणाली, सावळ्या, तुझ्याकडं रोज सकाळी पापड तळताय का? मी सांगितलं, लाइनमध्ये दोष आहे. म्हणाली, मग झारा तरी हलव, करपतील. वीस मिनिटं बोललो. विषय हाच.

सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. प्रेस बंद पडला की कंपनीची जीप मला घ्यायला दारात यायची. टेलिफोन ऑफिसात तक्रार करणं मला शोभत नाही. आठवड्यात दोष शोधतो.

संध्याकाळी
मुलगी, निकिता, नाराज. याच लाइनवर तिचं ब्रॉडबँड. नऊच्या मीटिंगमध्ये ते तीनदा तुटलं. तिचं मत: हे कनेक्शन काढा, दुसऱ्या कंपनीचं फायबर घ्या, आजकाल घरात फोन लागतो कोणाला. बायकोने, उज्वलाने, वीस तारखेपर्यंत मुदत दिली. वर म्हणाली, एकतीस वर्षांत घरातला एक नळ दुरुस्त झालेला मी पाहिला नाही.

अक्का शाळेत गेली नाही. तिला आकडे वाचता येत नाहीत. या नंबरच्या बटणांच्या जागा तिच्या बोटाला पाठ आहेत. मीच शिकवल्या. दाजी गेल्यापासून ती रोज सातला फोन करते. हा नंबर गेला तर फोन गेला. हे घरात बोललो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे, एवढंच बोललो.

४ फेब्रुवारी
आजपासून वहीत वेळेनुसार नोंदी सुरू केल्या. मोजल्याशिवाय दोष सापडत नाही.
६.३० अंघोळ.
६.५० गॅलरीतून सूर्याला अर्घ्य. तांब्याभर पाणी, कुंकू, जास्वंद. (संक्रांतीचा संकल्प. एकही दिवस खंड नाही.)
७.०० अक्का. खरखर जोरात.
९.३० खरखर कमी.
११.०० बंद.
वहीत मागे जाऊन पाहिलं. खरखर पहिल्यांदा आली १५ जानेवारीला. संक्रांतीचा दुसरा दिवस. सूर्याचं उत्तरायण आणि तांब्याच्या तारा यांचा संबंध तपासायला हवा.

५ फेब्रुवारी
उत्तरायण रद्द. खरं कारण सापडलं. सातला सातपूरची पहिली पाळी सुरू होते. शेकडो मोटारी एकदम लोड घेतात. निकिता म्हणाली, बाबा, आपल्या इंदिरानगरहून सातपूर किती लांब आहे. मी म्हणालो, वीज रिक्षाने येत नाही. तिने हेडफोन लावले. पटलं असावं.

९ फेब्रुवारी, रविवार
कारखाने बंद. खरखर चालू. ओव्हरटाइम.

११ फेब्रुवारी
भिंतीजवळची पांढरी डबी काढून टाकली. स्प्लिटर म्हणतात. फोन आणि इंटरनेट वेगळं करते म्हणे. जोड जितके कमी तितके दोष कमी, हा मेंटेनन्सचा पहिला नियम.

दुपारी
खरखरीत आता शीळही मिसळली. फोन उचलला की निकिताचं नेट जातं. तिच्या बंगळुरूच्या साहेबाने तिला भर मीटिंगमध्ये विचारलं, घरी काही काम चाललंय का. ती म्हणाली, हो, वडील दुरुस्ती करताहेत. यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. पण सगळे हसले.

१२ फेब्रुवारी
निकिताने माझ्या ड्रॉवरमधून डबी शोधून परत लावली. शीळ गेली. खरखर राहिली. म्हणजे डबी निर्दोष. हे मी सिद्ध केलं, याची कोणी दखल घेतली नाही.

१३ फेब्रुवारी
नवी कॉर्ड आणली. सॉकेट पेट्रोलने पुसलं. फोन उत्तरेऐवजी पूर्वेकडे तोंड करून ठेवला. आजवर एवढं पद्धतशीर काम या लाइनवर कोणी केलं नसेल. या गडबडीत मोटार लावायची राहिली. टाकी रिकामी. उज्वला बोलली. मोठ्या कामात असं होतं.

१४ फेब्रुवारी. सकाळी ७.३०
पाणीच नाही. अंघोळ नाही, अर्घ्य नाही. संकल्प पहिल्यांदा मोडला.
पण खरखर शून्य. अक्काचा श्वाससुद्धा ऐकू आला. पेट्रोलचा गुण. उज्वलाला रिसीव्हर कानाला लावून दाखवला. ती म्हणाली, बरं.

१५ फेब्रुवारी
कृतज्ञता म्हणून सूर्याला दोन तांबे दिले. एक कालचा, एक आजचा.
सात वाजता फोन वाजला, पण आत फक्त पाऊस. अक्का दोनदा हॅलो म्हणाली आणि बुडाली. ब्रॉडबँडही बंद. पेट्रोलमध्ये भेसळ असणार.

१६ ते १८ फेब्रुवारी
नोंदी नाहीत. विचार चालू.

१९ फेब्रुवारी
आजही लाइनवर पाऊस. अक्काशी पाच दिवस बोलणं नाही. रोज सातला घंटा वाजते, मी उचलतो, ती ठेवते. उद्या मुदत संपते. झोप नीट लागली नाही. हवा बदलते आहे.

२० फेब्रुवारी. दुपारी
उज्वलाने परस्पर तक्रार नोंदवली होती. मनोज नावाचा लाइनमन साडेनऊला आला. मी त्याला वही दिली. त्याने ती सायकलच्या कॅरिअरला लावली आणि शिडी घेऊन गॅलरीखाली गेला. तिथे भिंतीवर वायरच्या जोडाची पेटी आहे. मला माहीत होती. तिच्याकडे यायचंच होतं.

पेटी उघडली तर पाणी सांडलं. आत कुंकू आणि जास्वंदीच्या पाकळ्या. मनोजने विचारलं, काका, या पेटीची पूजा कोण करतं?
निकिता आत निघून गेली. तिचं हसणं स्वयंपाकघरातून ऐकू आलं.
दहा मिनिटांत जोड नवा केला, वर काळी टेप गुंडाळली. मग वही चाळून म्हणाला, काका, वही छान आहे. यातच लिहिलंय की सगळं.

तेवढ्यात उज्वलाचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर अक्का. दिवाळीपासून त्या दोघी व्हिडिओवर बोलतात, हे मला आज कळलं. अक्का उज्वलाचा फोटो दाबते, झालं. मी विचारलं, मग मला घरच्या फोनवर कशाला करतेस? अक्का म्हणाली, तू सातला तिथं स्टूल टाकून बसतोस, उज्वला सांगते. घंटा वाजली नाही तर बसून राहशील येड्यावानी.

२१ फेब्रुवारी. सकाळी ७.०५
अर्घ्य गच्चीवरून दिलं. सातला अक्का. लाइन स्वच्छ.
म्हणाली, तळण संपलं वाटतं. मी हो म्हणालो. तिने विचारलं, चहा झाला का. झाला. तुझा? झाला. मग ती थांबली. मीही थांबलो. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. बरं ठेवते, म्हणाली.
चाळीस सेकंद.

सकाळी ८.१५
मनोजची टेप मला पक्की वाटत नाही. उद्या पावणेसातला, अक्काच्या फोनआधी, ती उकलून पाहणार. केवळ तपासणी म्हणून.